चाचा अदबीनं बोलले की...

"खरं बोला पावणं. तुम्ही खोटं बोलशीला, तुमचं रगात न्हाय बोलायचं."

डाव्या हातानं दंडावरची रबरी पट्टी आवळत आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी शीर चाचपत चाचा हे म्हणायचे. खुर्चीतला माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागायचा. चाचा शीर सोडायचे नाहीत आणि नजरही काढायचे नाहीत. मग बारीक आवाजात उत्तर यायचं.

"च्या घेतलाय कपभर."

"नुस्ता?"

"...दोन बटरं बुडवून."

"मग काय लग्नाला आलाय व्हय? उठा. उद्या या. उपाशी या."

तुम्ही कधी रक्त तपासायला गेला असाल तर असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेल. डॉक्टरचं नाव आपल्या लक्षात राहत नाही, पण सुई टोचणाऱ्याचा हात लक्षात राहतो. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये चाचांचा हात प्रसिद्ध होता. खाली सायकलचं दुकान आणि वर पहिल्या मजल्यावर आम्ही. लोक जिना चढून यायचे आणि दारातूनच विचारायचे, "चाचा हायत का?" नसले तर उतरून जायचे. एकाच माणसाला दुसऱ्यांदा टोचायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. गुबगुबीत हातांच्या बायका, रडून लाल झालेली पोरं, शिरा लपवून बसलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना एकदाच. त्यांचे वडील गल्लोगल्ली फिरून भांड्यांना कल्हई लावायचे. "हात त्येंचा, आन् आवाज पण त्येंचाच," असं चाचा सांगायचे. आवाजाबद्दल शंका नव्हती. तो खालच्या सायकलवाल्यालाही ऐकू जायचा.

मी तिथे रुजू झाले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, आणि घरातलं मराठी 'दार लाव', 'भात वाढ' एवढंच. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी ओळख करून दिली. चाचांनी शाळेचं नाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजे कॉन्व्हेंट," ते म्हणाले, आणि माझं बारसं झालं. "ए कॉन्व्हेंट, ट्यूब दे." "ए कॉन्व्हेंट, कापूस संपलाय, दिसत न्हाय व्हय?" "ए कॉन्व्हेंट, मुकी हाईस का?"

मुकी नव्हते, पण फार लांबही नव्हते. माझं काम चाचांच्या शेजारी, तीन फुटांवर. ते रक्त काढायचे, मी नळी घ्यायची, हलवायची, स्टँडमध्ये लावायची. पेशंट काही विचारायला लागला की मी नळ्या मोजायला लागायचे.

उचगावचे एक व्यापारी आमच्याकडे यायचे. आदल्या खेपेला त्यांची साखर जास्त निघाली होती, म्हणून या वेळी त्यांनी जय्यत तयारी केली होती. आदल्या दिवशी दुपारी जेवले ते शेवटचं. नंतर दाणा नाही, सकाळी पाण्याचा घोटही नाही. परीक्षेला बसल्यासारखे येऊन बसले, रक्त देऊन गेले, आणि संध्याकाळी रिपोर्ट बघतात तर आकडा आधीपेक्षा वर!

"वीस तास पोटात कायबी न्हाय आन् साखर वाढली?" त्यांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. "मशीन बिघडलंय तुमचं!"

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "यांना जरा समजावून सांग." मला सगळं येत होतं. उपाशी राहिलं की लिव्हर आपल्याजवळची साठवलेली साखर रक्तात सोडतं, आणि मधुमेहात त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. इंग्रजीत मी हे झोपेत म्हणून दाखवलं असतं. पण तोंड उघडलं आणि "लिव्हर... म्हणजे... रिलीज..." यापुढे गाडी जाईना. शेवटी मी एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर चित्र काढायला लागले.

चाचा खांद्यावरून वाकून बघत होते. "ह्ये काय हाय?"

"आतडी."

"आन् ह्यो ढीग?"

"लिव्हर. पोटातून निघालेलं रक्त आधी इथे येतं, मग बाकीच्या शरीरात जातं."

"पहिलं हितंच?"

"हो."

"आन् ही तार कसली वर गेलीया?"

"नर्व्ह. इथे साखर किती आली, किती कमी झाली, ते इथे कळतं आणि या तारेतून मेंदूला जातं."

चाचांनी टेबलावर थाप मारली. "अगं मग ह्यो जकात नाका की!" आणि ते व्यापाऱ्यांकडे वळले. "पावणं, तुमचा माल गावात येतोय, तवा नाक्यावर गाडी थांबतीया का न्हाय?"

"थांबायलाच लागती."

"तसं हाय बगा. लिव्हरच्या दारात कारकून बसलाय. किती पोती आली बघतोय आन् वरच्या हाफिसात फोन लावतोय. साहेब, माल आला, आता भूक थांबवा. जास्तीचं असंल ते गोडाऊनात टाकतोय. गाड्या आल्या न्हाईत की पुन्यांदा फोन. साहेब, शहर उपाशी हाय, गोडाऊन उघडतो. तुम्ही वीस तास गाडी सोडली न्हाय, मग कारकुनानं काय करायचं? उघडलं गोडाऊन."

"उघडलं तर उघडलं. पर एवढं?"

"तुमचा कारकून खुळा झालाय. त्येलाच शुगर म्हंत्यात. एकदा द्यायला लागला की थांबतच न्हाय."

"मग बदली करा की त्येची!" व्यापारी म्हणाले, आणि डॉक्टरबाईंना हसू आवरलं नाही. नंतर त्यांनी चाचांना सांगितलं की नाका एकच नसतो, वर मेंदूतही मोजणारे बसलेले असतात. "असूद्यात की," चाचा म्हणाले, "पर पहिला नाका हितलाच." माझं चित्र त्यांनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावलं. पुढे कितीतरी लोकांना ते त्या चित्रावर बोट ठेवून नाका समजावून सांगायचे. मी तीन वर्षं जे पाठ केलं होतं ते मला त्या दिवशी कळलं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

चाचांना स्वतःलाही साखर होती. पुष्कळ वर्षांची. पहाटेच उठून, घरी इन्सुलिन टोचून, साडेसातला ते लॅबमध्ये हजर असायचे. इन्सुलिन घेतलं की लवकरच खावं लागतं, हे शिपायालाही माहीत होतं. चाचांचा डबा रोज यायचा. पण तो शेवटचा उपाशी पेशंट जिना उतरेपर्यंत उघडायचा नाही. कधी नऊ वाजायचे, कधी दहा.

"उपाशी माणसाम्होरं तोंड हलवायचं न्हाय," हा त्यांचा कायदा होता.

त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. लहानपणी ते आईला घेऊन एका दवाखान्यात गेले होते. रक्त द्यायचं म्हणून आई सकाळपासून उपाशी, आणि समोर टेबलावर पाय टाकून कंपाउंडर भजी खात बसलेला. "आई त्येच्याकडं बघत नव्हती," चाचा म्हणाले. "म्या बघत हुतो. तवाच ठरवलं." रमजानमध्ये रोजे धरायचे नाहीत असं डॉक्टरबाईंनी त्यांना बजावलं होतं. ते त्यांनी ऐकलंही होतं. "ते रोजे सुटले," ते म्हणायचे, "पर ह्यो सुटायचा न्हाय. ह्यो बारा महिन्यांचा हाय."

आता मूळ गोष्टीकडे येते.

एके दिवशी साडेनऊच्या सुमाराला, हॉल भरलेला असताना, चाचा एका आजींना म्हणाले, "आजी, आपण कृपया आसन ग्रहण करावे."

आजींनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणताहेत. हॉलमध्ये हशा पिकला. चाचांच्या घरी रोज सकाळी रेडिओवर बातम्या लागायच्या, आणि आज ते बातम्या देणाऱ्याची नक्कल करताहेत असं सगळ्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. त्यांनी माझ्याकडे हात केला आणि "मॅडम, एक नळी मिळू शकेल का?" असं विचारलं. मी खूश झाले. म्हटलं, आज स्वारीचा मूड चांगला आहे.

दहा वाजता डबा खाऊन आले आणि ओरडले, "ए कॉन्व्हेंट, स्टँडवर ट्यूबा उलट्या कुणी लावल्या? माझ्या सासऱ्यानं?"

दुसऱ्यांदा असंच झालं तेव्हा मला गंमत वाटली. तिसऱ्यांदा वाटली नाही. जे लोक बोलत नाहीत त्यांना बघायला भरपूर वेळ असतो. माझ्या लक्षात आलं की चाचा अदबीनं बोलतात ते गर्दीच्या दिवशी, नऊनंतर, डब्याच्या आधी. डबा झाला की अदब गायब. घाम नाही, थरथर नाही, सुई तितकीच सरळ. फक्त भाषा रेडिओची.

चौथ्या वेळी "आपली अनुमती असेल तर मी थोडा विसावा घेतो" असं म्हणून ते फ्रिजच्या खोलीत गेले, तेव्हा मी मागोमाग गेले. लॅबमध्ये नुकतंच बोटाच्या थेंबावर साखर सांगणारं छोटं यंत्र आलं होतं. मी काही न बोलता त्यांचं बोट धरलं आणि टोचलं. माझ्या हातून टोचून घेणारे ते पहिलेच. आकडा आला बेचाळीस, सत्तर तरी हवा होता. त्या आकड्याला माणूस खाली बसलेला असतो, निदान घामानं भिजलेला तरी. चाचा उभे राहून मला धन्यवाद देत होते.

शिपायाच्या डब्यात चहासाठी गूळ असायचा. खडा त्यांच्या तोंडात घातला. पाच-सात मिनिटांनी त्यांनी डोळे मिचकावले.

"काय बघतीस? म्हातारा बघितला न्हाईस कधी?"

मला इतकं बरं वाटलं की मी हसले.

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी साखर उतरली की कळायचं. घाम फुटायचा, हात लटलट कापायचा, पोटात खड्डा पडायचा. "म्हंजे नाक्यावरनं फोन यायचा. आता कारकून झोपलाय का तार तुटलीया, काय म्हाईत न्हाय. फोनच डेड हाय."

पुन्हा पुन्हा साखर उतरत राहिली की असं होतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आधी खबर येत असते, दुर्लक्ष होत होत ती येईनाशीच होते. "डॉक्टरबाईंना सांगा," मी म्हटलं.

"आन् मग? त्या सुई काढून घेतील. दारात नावं लिवायला बशिवतील." त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "ह्यो हात नावं लिवायला हाय व्हय?"

मी सांगितलं नाही. कॅमेऱ्याच्या रोलची एक रिकामी काळी डबी घरून आणली, त्यात गुळाचे खडे भरले आणि कापसाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. त्या दिवसापासून मी ट्यूब हलवत चाचांच्या शिव्या ऐकत बसायचे. जोवर ते भांडत होते तोवर सगळं ठीक होतं. "आपण" हा शब्द कानावर आला की डबी टेबलावरून त्यांच्याकडे घरंगळत जायची. गूळ हे खाणं नसून औषध आहे असं आमचं ठरलं होतं, आणि तोही भिंतीकडे तोंड करून खायचा. कधीकधी साखर इतकी उतरलेली असायची की तेवढंही जमायचं नाही. "क्षमस्व, समोर लोक उपाशी आहेत," असं म्हणून ते डबी परत घरंगळवायचे. मग हाताला धरून फ्रिजच्या खोलीत न्यावं लागायचं.

असे आठ महिने गेले. ते चूक होतं, हे आज मला कळतं. तेव्हा मात्र थोडा अभिमान वाटत होता. न बोलता कुणाच्या तरी उपयोगी पडता येतं, यापेक्षा मला काय हवं होतं?

एका सोमवारी गर्दी होती आणि डॉक्टरबाईंनी मला पंधरा मिनिटं आतल्या मशीनवर बसवलं. बाहेर आले आणि स्टँडवरच्या ट्यूब बघितल्या. शेजारशेजारच्या दोन नळ्यांवर एकच नाव होतं, एका शिक्षिकेचं. अक्षर सुंदर होतं, एरवीपेक्षा सुंदर. आणि नावाआधी 'श्रीमती' लिहिलं होतं.

चाचांनी जन्मात कुणाला श्रीमती लिहिलं नव्हतं.

शिक्षिका आणि जिच्या नावाची नळीच नव्हती ती, गगनबावड्याहून पहिल्या एसटीनं आलेली बाई, दोघी अजून बाकावर होत्या. कुठली नळी कुणाची हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. मी चाचांना गूळ दिला, आणि ते भानावर आल्यावर नळ्या दाखवल्या. ते उठले, दोघींसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं. पुन्यांदा टोचायला लागंल."

"टोचा की," गगनबावड्याची बाई बाही वर करत म्हणाली, "तेवढ्यानं मी काय वाळून जातोय व्हय?"

ती हसत होती. चाचा हसले नाहीत. एकाच माणसाला दुसऱ्यांदा टोचायची त्यांची ती पहिली वेळ.

लोक गेल्यावर मी फ्रिजच्या खोलीत त्यांना म्हटलं, "उद्या तुम्ही डॉक्टरबाईंना सांगा. नाहीतर मी सांगते. आज दोघी समोर होत्या म्हणून. गेल्या असत्या तर?"

"सांग की," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि साखरही उतरलेली नव्हती. "तुला बोलता येतंय कुठं? पेशंटला 'हात द्या' म्हणताना लाजतीस. तू काय सांगणार?"

असं बोलणं लागतं, कारण ते खरं असतं. घरी जाताना सिटी बसमध्ये मी एकच वाक्य घोकत होते. आधी इंग्रजीत तयार केलं, मग मराठीत आणलं, मग त्यातला 'समस्या' शब्द काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी नऊनंतर मी डॉक्टरबाईंच्या खोलीच्या दाराशी उभी राहिले. हात वर केला, पण तो दारावर पडेना. मागे हॉल भरलेला. वीस-पंचवीस माणसं, सगळी उपाशी, सगळी चिडलेली. आणि त्या गोंगाटात मला मागून ऐकू आलं, "आजोबा, आपण हात पुढे करावा, ही नम्र विनंती."

मी वळले. चाचांच्या हातात सुई होती आणि समोर एका म्हाताऱ्या माणसाचा उघडा दंड.

"थांबा!"

एवढा मोठा आवाज कुणाचा ते बघायला मीही इकडेतिकडे पाहिलं असतं. पण सगळे माझ्याकडेच बघत होते.

"चाचांनी सकाळी इन्सुलिन घेतलंय," मी म्हटलं, "आणि काही खाल्लेलं नाही. तुम्ही सगळे उपाशी आहात म्हणून ते खात नाहीत. रोज खात नाहीत! त्यांची साखर खाली जाते आणि त्यांना कळत नाही. आता ते इथे, तुमच्यासमोर खाणार आहेत. कुणाला चालणार नसेल तर... तर आत्ताच सांगा!"

पाठ केलेलं वाक्य यातलं एकही नव्हतं.

मागच्या बाकावरून एक आवाज आला, "न चालायला काय झालंय? खावा की ओ चाचा!"

"आम्ही काय भुकेची भुतं हाय व्हय, भाकरीकडं बघत बसायला?"

"आधी गिळा," बाही वर केलेले आजोबा म्हणाले. "माझी शीर कुठं पळून जात न्हाय."

मी चाचांच्या हातातली सुई काढून घेतली आणि गूळ पुढे केला. "क्षमस्व," ते म्हणाले, "परंतु समोर लोक..."

"लोकच म्हंत्यात गीळ!" आजोबा ओरडले.

चाचांनी गूळ खाल्ला. मग थोड्या वेळानं, इकडेतिकडे बघत, त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि अंड्याची पोळी. तो वास हॉलभर पसरला आणि पंचवीस उपाशी माणसांनी एकदम श्वास घेतला.

"अंडं हाय व्हय," कुणीतरी कळवळून म्हणालं. "मग वाईच लौकर आवरा."

हॉल हसला. चाचा मान खाली घालून खात राहिले.

डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला आत बोलावून इंग्रजीत झापलं आणि चाचांना मराठीत. दोन्ही बरोबर होतं. मग नियम झाला. आल्या आल्या चाचांनी आपली साखर तपासायची, आठला खायचं, पुन्हा तपासायची, आणि आकडा फळ्यावर लिहिल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. नळीवरचं नाव मी लिहायचं. सुई राहिली. भिंतीवर नाक्याच्या चित्राशेजारी माझ्या हातचा कागद लागला. 'आठ ते सव्वाआठ चाचांची न्याहारी. सहकार्य करावे.'

पावणे मंडळी त्याची वाटच बघायला लागली. आल्याबरोबर विचारायची, "झाली का न्याहारी?" फळ्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला जायचा, त्यावर मतं दिली जायची. गगनबावड्याची बाई पुढच्या खेपेला भाकरीबरोबर खायला म्हणून जवसाची चटणी घेऊन आली.

चाचा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ट्यूब देताना म्हणाले, "ए कॉन्व्हेंट, आवाज कुठं लपवला हुतास एवढं दिवस?"

काही वर्षांनी मोठी मशिनं आली, नवीन मुलं आली आणि चाचा निवृत्त झाले. जाताना गुळाची डबी घेऊन गेले. त्यांची मुलगी रुबिना कबनूरला दिलेली, ते तिच्याकडेच राहायला गेले, आणि तिच्या घरी मागं यंत्रमाग चालायचे. त्या खडखडाटात ओरडून बोलायला चाचांना आयतंच कारण मिळालं.

मी रोज सकाळी आठला त्यांना फोन करायचे. तो अर्धं मिनिट चालायचा.

"चाचा?"

"जिवंत हाय. ठेव फोन."

म्हणजे सगळं ठीक. कधीतरी पलीकडून "नमस्कार, आपण कोण बोलत आहात?" असं यायचं. मग मी रुबिनाला हाक मारायला सांगायचे आणि तिला म्हणायचे, "गूळ दे." दर वेळी यंत्रावर आकडा उतरलेलाच निघायचा. "नाका हितं, आन् एक्स्चेंज कोल्हापुरात," चाचा नंतर ओरडून सांगायचे. "असला डेड फोन कुणाचा न्हाय!"

आता तो फोन करावा लागत नाही. चाचा दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. साखरेचा त्यात काही संबंध नव्हता, जेवायच्या आधीच तपासली होती, असं रुबिनानं मला दोनदा सांगितलं. ते मला सांगायला हवं होतं हे तिला माहीत होतं.

त्याच्या आधीच्या आठवड्यातला एक फोन सांगायचा राहिला. त्या सकाळी कबनूरची वीज गेली होती. माग बंद, आणि पलीकडे इतकी शांतता की चाचांचा श्वास ऐकू येत होता.

"नमस्कार," ते म्हणाले. "तुम्ही रोज फोन करता. इतकी वर्षं करता. तुमचे फार उपकार आहेत. मी ते कधी बोलून दाखवले नाहीत."

"चाचा, रुबिनाला द्या फोन," मी घाईनं म्हटलं. "लवकर द्या. रुबिना? गूळ दे. आधी गूळ दे, मग तपास."

डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग यंत्राची शिट्टी. मग रुबिना.

"ताई, एकशे बावीस दावतंय. न्याहारीबी झालीया त्येंची."

आकडा अगदी ठीक होता. फोन पुन्हा चाचांच्या हातात गेला. तोंडात गूळ होता, त्यामुळे शब्द चिकटून येत होते.

"खाल्ला बघ गूळ. तू म्हणालीस म्हणून खाल्ला. पर मगाशी बोललो ते शुद्धीत बोललो, कॉन्व्हेंट."

मी उत्तर दिलं. चांगलं मोठ्यानं दिलं. पण तेवढ्यात कबनूरची वीज आली आणि सगळे माग एकदम सुरू झाले.